साती आसरा आणि आयर्लंडची 'भली माणसे'

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावाखाली उल्हास नदीला एक डोह आहे. बदलापूर स्टेशनपासून पायी तासाभराची वाट. डोहाच्या काठी सात लहान दगड एका ओळीत मांडलेले आहेत. त्यांना शेंदूर फासलेला असतो. पुढे हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, कधी खण, कधी दहीभाताचा द्रोण. थोड्या अंतरावर आठवा दगड आहे तो म्हसोबाचा. तो या सातजणींचा भाऊ आणि राखणदार. लहानपणी मी आजीला विचारले होते, "आजी, या कोण गं?" आजीने पाण्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाया आहेत. नाव घेऊ नये, पाणी जवळ आहे."

त्या बायांचे नाव साती आसरा, हे मला पुष्कळ पुढे समजले. आणि अशाच बाया, अशीच माणसे सात समुद्रांपलीकडे आयर्लंडमध्येही आहेत व तिथली म्हातारी मंडळीही त्यांचे नाव घेण्याचे टाळीत, हे तर गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात समजले. इंग्रजीच्या तासाला येट्‌स या कवीची कविता चालू होती. रवींद्रनाथांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला १९१२ साली प्रस्तावना लिहिणारा तोच हा येट्‌स. सरांनी जाता जाता सांगितले की, याच कवीने १८८८ मध्ये आयरिश शेतकऱ्यांच्या परीकथांचा एक संग्रह प्रसिद्ध केला होता. परी म्हटली की आपल्यासमोर पंख, पांढरा झगा आणि जादूची कांडी उभी राहते. म्हणून मी ते पुस्तक गंमत म्हणून हाती घेतले. वाचता वाचता मला आमचा डोह दिसू लागला.

प्रस्तुत लेखात या दोन मुलुखांतील अदृश्य मंडळींची तुलना करण्याचा माझ्या परीने प्रयत्न केला आहे. विषय मोठा व माझे वाचन थोडे आहे, याची मला जाणीव आहे.

आसरा कोण?

'आसरा' हा शब्द 'अप्सरा' या शब्दाचे लोकांच्या तोंडी झालेले रूप होय. 'अप्' म्हणजे पाणी. अप्सरा म्हणजे मुळात पाण्यात वावरणारी. इंद्राच्या दरबारात नाचणारी अप्सरा ही कल्पना नंतरची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा व उर्वशी यांचा संवाद आहे आणि शतपथ ब्राह्मणात त्याची सविस्तर कथा आली आहे. तीत पुरूरव्याला उर्वशी व तिच्या सख्या एका तळ्यात जलपक्ष्यांच्या रूपाने पोहताना दिसतात. साती आसरांची जी संस्कृत नावे सांगितली जातात, मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी इत्यादी, तीही मासा, कासव, खेकडा, बेडूक व मगर यांवरूनच आलेली आहेत. आमच्या आजीला ही नावे ठाऊक नाहीत. ती त्यांना नुसते 'बाया' किंवा 'मावलाया' म्हणते.

याच अप्सरेचे दुसरे रूप पाहावयाचे असेल तर फार लांब जावे लागत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. शिलाहार राजांच्या काळातील या मंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. वालधुनी नदीच्या काठी हे मंदिर उभे आहे आणि त्याचा गाभारा पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली आहे. बाहेरच्या भिंतींवर ज्या सुरसुंदरी कोरल्या आहेत त्या अप्सराच. राजाच्या शिल्पकाराने घडविली ती अप्सरा आणि कुणब्याने नदीतून उचलून शेंदूर लावला ती आसरा. नात्याने या एकमेकींच्या बहिणी आहेत; पण एकीला पाहावयास परगावचे लोक येतात आणि दुसरीकडे आपण कॉलेजात जाऊ लागलो की पाहीनासे होतो.

आसरा पाण्यात राहतात. भर दुपारी व तिन्हीसांजेला डोहावर जाऊ नये, बाळंतिणीने व नव्या नवरीने तर मुळीच जाऊ नये. कोणी बुडाला तर 'बायांनी ओढला' म्हणतात. परंतु याच बायांकडे मूल व्हावे म्हणून नवसही बोलतात. ॲन फेल्डहाउस या विदुषीने महाराष्ट्रातील नद्यांवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला असून तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. नदी आणि स्त्रीत्व यांचे नाते हाच त्याचा विषय आहे व त्यात आसरांनाही स्थान मिळाले आहे. जे पाणी जगविते तेच बुडविते. तेव्हा त्या पाण्याच्या देवताही मायाळू आणि कोपिष्ट अशा दोन्ही असाव्यात, हे मला सुसंगत वाटते.

पलीकडचा किनारा

आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, मॅन बेट आणि फ्रान्समधील ब्रिटनी हे केल्टिक भाषांचे प्रदेश. आयरिश भाषेत 'शी' म्हणजे प्राचीन मातीची टेकडी, आणि त्या टेकडीत राहणारे लोक म्हणजे 'आओस शी'. हे लोक म्हणजे 'तुआहा दे दानन' नावाचे पूर्वीचे दैवी कुळ होय. नवे लोक देशात आल्यावर ते हरले आणि टेकड्यांच्या पोटात राहावयास गेले, अशी कथा आहे. त्यांना पंख नसतात. ते दिसावयास आपल्यासारखेच असून त्यांची गुरे असतात, लग्ने होतात, भांडणेही होतात. त्यांना दुखवू नये म्हणून आयरिश शेतकरी त्यांचा उल्लेख 'भली माणसे' किंवा नुसता 'ती मंडळी' असा करी. आजीच्या 'बाया' या शब्दामागे जी सावधगिरी आहे तीच ही.

साम्ये पुष्कळ सापडतात. त्यांतली मला विशेष वाटली ती सांगते.

आपल्याकडे रात्री रानात वाट चुकते आणि माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो, त्याला 'चकवा लागला' म्हणतात. आयर्लंडमध्ये अशी भुलविणारी माती असते. तिच्यावर पाय पडला की ओळखीच्या शेतातूनही बाहेर पडता येत नाही. आमच्याकडचा उपाय म्हणजे उजाडेपर्यंत बसून राहणे. तिकडचा उपाय म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालणे.

बाळंतिणीच्या उशाखाली आपल्याकडे विळा किंवा सुरी ठेवतात. आयर्लंडमध्ये पाळण्यावर चुलीतला लोखंडी चिमटा आडवा ठेवीत. दोन्हीकडे त्या अदृश्य मंडळींना लोखंडाचे भय.

वेल्समध्ये एका तळ्यातील स्त्रीची कथा आहे. ती एका तरुणाशी लग्न करते, परंतु अट घालते की विनाकारण तीन वेळा हात लावलास तर मी परत जाईन. तिसरा स्पर्श होताच ती आपली सारी गुरे घेऊन तळ्यात निघून जाते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर 'सेल्की' म्हणजे सीलमाशाची कातडी पांघरणारी स्त्री आहे. नवऱ्याने लपविलेली कातडी सापडताच ती मुलाबाळांना टाकून समुद्रात जाते. उर्वशीही अट मोडताच पुरूरव्याला सोडून गेली होती.

कोकणात व देशावर पुष्कळ तळ्यांविषयी सांगतात की, पूर्वी लग्नकार्याला भांडी हवी असली की तळ्याला विनवणी करावी, सकाळी काठावर भांडी मिळत. पुढे कोणीतरी एक भांडे परत केले नाही आणि तेव्हापासून भांडी येईनाशी झाली. हीच गोष्ट इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील फ्रेन्शॅम गावच्या एका मोठ्या कढईविषयी सांगतात. जॉन ऑब्रे याने सतराव्या शतकात तिची नोंद केली. हा भाग केल्टिक नव्हे, पण गोष्टींना सरहद्द नसते हे यावरून दिसते.

हे साम्य कशामुळे? एक मत असे की आयरिश, संस्कृत व मराठी या एकाच मोठ्या भाषाकुलातील भाषा आहेत, म्हणून हा प्राचीन वारसा होय. आयरिश 'दानू' व वैदिक 'दानु' यांचे नाते काही अभ्यासकांनी जोडून पाहिले आहे. परंतु नावाच्या सारखेपणावर फार भार टाकू नये असे मला वाटते. दुसरे मत असे की कथा व्यापाऱ्यांबरोबर फिरतात. तिसरे असे की माणसांचे जगणे सारखे असले की त्यांची भीतीही सारखी होते. डोहात पोर बुडते, बाळंतीण दगावते, मूल वाढत नाही. मग या गोष्टींना कोणीतरी जबाबदार असले पाहिजे. मला हे तिसरे मत अधिक पटते. ते का, हे पुढे सांगते.

भूत कोणाचे होते?

ग्रंथालयात मला आणखी एक जुने पुस्तक मिळाले. कोकणातील लोकसमजुतींची ही टिपणे आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केली. मूळ सामग्री गोळा केली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी. होय, तेच नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. ही माहिती पुरविली होती ती मात्र आपल्याच खेड्यापाड्यांतील शाळामास्तरांनी. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील मास्तर त्यांत आहेत.

त्यात भुतांचे प्रकार दिले आहेत. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेल्याचा. ब्रह्मसमंध हा लोभी ब्राह्मणाचा. जखीण, हडळ या स्त्रियांच्या. मी ही यादी वहीत उतरून घेतली आणि सुट्टीत आजीला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवू लागले. "हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई," एवढे मी वाचले आणि आजी उठून पडवीत गेली.

त्या रात्री तिने मला जे सांगितले ते घरात यापूर्वी कोणी मला सांगितले नव्हते. माझी एक आत्या होती. मी जन्मण्याच्या बऱ्याच वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली. पावसाळा होता. बाळंत झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, ती बडबडू लागली. आठव्या महिन्यात ती धुणे घेऊन नदीवर गेली होती, हे कोणाला तरी आठवले. मग बायांनी धरले असे ठरले. भगताला बोलाविले. त्याने कोंबडे, लिंबू, अंगारा केला. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत व तिथून मिळेल त्या गाडीने इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

गोष्ट इथे संपली नाही. गावाने ठरविले की ती हडळ झाली. तिन्हीसांजेला नदीच्या वाटेने कोणी जाईना. तिचे नाव घेणे बंद झाले. "पोरी, लोकं माझ्या लेकीला भ्यायची," आजी म्हणाली, "आन् मला वाटायचं, एकदा तरी दिसावी." आजी कित्येक संध्याकाळी एकटीच त्या वाटेला जाऊन बसत असे, हे तिने मला सांगितले. तिला कोणी दिसले नाही.

त्यानंतर मी ती यादी पुन्हा वाचली तेव्हा ती मला निराळी दिसू लागली. ती भुतांची यादी नाही, अकाली गेलेल्या माणसांची आहे. लग्नाआधी मेलेला मुलगा, बुडालेला, बाळंतपणात गेलेली. ज्यांचे आयुष्य पुरे झाले नाही आणि ज्यांच्यासाठी काही करावयाचे राहून गेले असे मागे उरलेल्यांना वाटत राहते, तेच परत येतात. जिथे बाळंतपणात बायका फार मरतात तिथेच हडळी फार असणार.

आयर्लंडमध्येही हेच आहे. तिथे समजूत अशी की भली माणसे धडधाकट मूल किंवा तरुण बाळंतीण पळवून नेतात आणि तिच्या जागी आपल्यातले रोगट, कुरकुरे असे काहीतरी ठेवून जातात. जे मूल वाढत नसे, ज्याला चालता-बोलता येत नसे, ते 'बदललेले' मूल ठरे. मार्च १८९५ मध्ये टिपेररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची शिवणकाम करणारी विवाहित स्त्री आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, बदललेली आहे, असे नवरा मायकेल म्हणू लागला. तिला बळेच औषधी पाजली, विस्तवाजवळ धरले आणि अखेर तिच्या नवऱ्याने तिला जाळले. घरात नातेवाईक हजर होते. मायकेलला सदोष मनुष्यवधाबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. आत्याला कोणी जाळले नाही. घरच्यांनी जे केले ते मायेपोटीच केले. पण दोघींच्याही बाबतीत आजाराकडे पाहावयाचे राहून गेले.

हसावे की मानावे?

माझ्या काही मित्रमैत्रिणींचे म्हणणे असे की हा सारा अडाणीपणा आहे, त्याचा अभ्यास कसला करावयाचा? त्यांचा राग मला समजतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली व त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, वैद्यकीय उपचारापासून माणसाला अडविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा आधी असता आणि आमच्या गावापर्यंत पोहोचला असता तर, असा विचार माझ्या मनात येतो.

परंतु नुसते हसून काम भागत नाही. आजीला हसलेली माणसे तिला पुष्कळ भेटली. तिला विचारणारे कोणी भेटले नाही. शिवाय त्या समजुतींत सारेच टाकाऊ होते असेही नाही. आसरांच्या डोहात थुंकावयाचे नाही, घाण टाकावयाची नाही, हा आमच्या गावचा नियम होता. १९९९ साली आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात नवा महामार्ग एका काटेरी झुडपावरून जाणार होता. ते झुडूप भल्या माणसांच्या भेटीची जागा आहे, असे एडी लेनिहान या कथेकऱ्याने वर्तमानपत्रांतून लिहिले आणि झुडूप राखून रस्ता करण्यात आला. इकडे अंबरनाथच्या मंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीचे काय झाले ते रेल्वेच्या डब्यातूनही नाकाला समजते. २०१४ साली तिच्यात सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून आसरांना पुन्हा घाबरावे असे मी म्हणत नाही. पाण्याचा मान राखावयाची जुनी भीती गेली, आणि तिच्या जागी नवी जबाबदारी मात्र आली नाही, एवढेच म्हणते.

एक सूचना

शेवटी आयर्लंडची एक गोष्ट सांगून लेख संपविते. तिथे १९३५ मध्ये सरकारने लोकसाहित्याचे मंडळ स्थापन केले. १९३७ ते १९३९ या काळात त्याने एक योजना राबविली. सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांनी आपल्या आईवडिलांना, आजीआजोबांना आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, समजुती, विहिरी-टेकड्यांची नावे, औषधे हे सारे वह्यांत लिहून काढले. सुमारे पन्नास हजार मुलांनी हे काम केले. त्या वह्या जपून ठेवल्या असून आज त्या संगणकावर कोणालाही वाचावयास मिळतात. आपल्याकडे एका इंग्रज अंमलदाराने मास्तरांकडून लिहवून घेतले. त्यांनी आपल्याच मुलांकडून आपल्याच लोकांसाठी लिहवून घेतले, हा त्यातला फरक आहे.

हे आपल्याला का करता येऊ नये? आपल्या महाविद्यालयात बदलापूर व मुरबाडकडच्या खेड्यांतून येणारे विद्यार्थी आहेत. ठाकूर, कातकरी समाजातील विद्यार्थी आहेत. उल्हासनगरचे सिंधी विद्यार्थी आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत जे निर्वासित आले त्यांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. ते लोक घरदार सोडून आले, पण आपला पाण्याचा देव बरोबर घेऊन आले. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण सांगते की, झूलेलाल पल्ला माशावर बसून सिंधू नदीतून प्रकट झाले आणि चेटीचंडला त्यांचे बहराणे, पेटता दिवा ठेवून, वाजतगाजत पाण्याकडे नेतात. सिंधू मागे राहिली तर उल्हास नदी पुढे आली. तिच्या आजीची आणि माझ्या आजीची अजून गाठ पडलेली नाही. पडली तर दोघी एका डोहाविषयी बराच वेळ बोलतील.

माझी सूचना एवढीच की, येत्या सुट्टीत प्रत्येकाने एक शंभर पानी वही घ्यावी. आपल्या गावच्या पाण्याचे, झाडाचे, वाटेचे नाव लिहावे आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे, 'इथे कोण राहते? आणि असे लोक का म्हणू लागले?' दुसरा प्रश्न विसरू नये. पहिल्या प्रश्नाने भुताची गोष्ट मिळेल, दुसऱ्याने माणसाची. मराठी विभागातील प्राध्यापकांनी या वह्या ग्रंथालयात ठेवून घेण्याची व्यवस्था करावी, अशी माझी नम्र विनंती आहे.

मी माझी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आत्याचे नाव, तिचे वय आणि तिला ताप आला ते दिवस लिहिले आहेत. ते पान आजीला वाचून दाखविले. ती या वेळी उठून गेली नाही. "नाव बरोबर लिहिलंस ना?" एवढेच तिने विचारले आणि वही हातात घेऊन, वाचता येत नसताना, ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसली.